उस्मानचाचांचा शुक्रवार गट

आमच्या भिवंडीत आनंदाची बातमी घेऊन कुणी उस्मानचाचांकडे जात नाही. गेलाच तर तोंड पाडून परत येतो. माझी मुलगी वर्गात पहिली आली तेव्हा मी या गल्लीत नवीन होते. पेढे घेऊन गेले. चाचांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटून चवीनं खाल्ला आणि मग ओरडले, "बेस हाय! पन समोर कोन होता?"

"समोर म्हणजे?"

"वर्गात गो! बाकीची पोरां कशी हायत? हुशार हायत, का सगली झोपाळू?"

उरलेले पेढे मी तसेच घरी घेऊन आले. आठवडाभर मुलीच्या वर्गातल्या पोरांकडे संशयानं बघत होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. चाचांचा प्रश्न असा डोक्यात शिरून बसतो.

'ओरडले' हा शब्द मी उगाच वापरला नाही. चाचांचा सगळा जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटात गेला. हळू बोलणं ही गोष्ट त्यांना माहीतच नाही. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित कोनगावापर्यंत ऐकू जातं. माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या घराला लागून आहे आणि दुकानापुढच्या बाकावर त्यांची बैठक असते. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी गोळ्या विकते आणि चाचा माझ्या गिऱ्हाइकांचा आत्मविश्वास काढून घेतात.

एक बाई कौतुकानं सांगत होत्या, आमच्या डॉक्टरांच्या हातून आजवर एक पेशंट दगावला नाही. चाचा बाकावरून म्हणाले, "त्याच्याकडं सर्दीवालेच जातात!" एका गृहस्थांचा गुडघा अकलोलीच्या गरम कुंडात दोन डुबक्या मारून बरा झाला होता. चाचांनी त्यांना उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं, "दुखना किती तगडा होता? जिना चढता येत होता का न्हाय?" येत होता, असं गृहस्थ म्हणाले. "मग कुंडानं काय केला? चढता येनारा गुडघा घेऊन गेलास, चढता येनारा घेऊन आलास!" त्या गृहस्थांनी त्यानंतर वेदनाशामक मलम दुसऱ्या दुकानातून घ्यायला सुरुवात केली. माझं नुकसान चाचांच्या तत्त्वज्ञानात बसत नाही.

आता हे तत्त्वज्ञान आलं कुठून? कबड्डीतून.

आमच्याकडे लूमला सुट्टी शुक्रवारी आणि हायवेकडच्या गोदामांना रविवारी. त्यामुळे कबड्डीसुद्धा दोन वारांत वाटली गेली आहे. लूमवाल्यांच्या टीमा शुक्रवारी आपसात खेळतात, गोदामवाल्यांच्या आणि ऑफिस-सोसायटीवाल्यांच्या रविवारी आपसात. दोघांची गाठ पडते ती फक्त फेब्रुवारीत, चार टीमच्या मोठ्या स्पर्धेत. त्या चार टीमा निवडायच्या कशा? तर हंगामात कोण किती मॅच जिंकलं त्यावरून. आणि हंगामात कुणाची मॅच कुणाशी लावायची, हे ज्या त्या गटाचा म्होरक्या ठरवतो. रविवार गटाचे म्होरके पडघ्याचे जनूशेठ. शुक्रवार गटाचे आमचे उस्मानचाचा.

जनूशेठ गोड माणूस. त्यांच्या चार चांगल्या टीमा आहेत, पण त्यांना ते एकमेकींशी फारसं भिडू देत नाहीत. एका आठवड्यात कुरिअर ऑफिसवाल्यांशी, दुसऱ्या आठवड्यात सोसायटीतल्या बाबालोकांशी, म्हणजे शाळकरी पोरांच्या बापांशी. या बाबालोकांचा कप्तान चढाईला जाताना चष्मा काढून बायकोकडे देतो आणि परत येताना आपली बाजू कुठली ते तिलाच विचारतो. अशांशी खेळल्यावर जनूशेठच्या टीमा हरणार कशाला? जवळजवळ सगळ्या मॅच जिंकून त्या रुबाबात फिरतात.

चाचांचं बरोबर उलटं. सोपी मॅच त्यांच्या वेळापत्रकात औषधालाही सापडायची नाही. तगड्याशी तगडा, दर शुक्रवारी. शुक्रवार गटात डाईंगवाल्यांची एक टीम होती. ही टीम मैदानात उतरायची ती मुख्यतः फोटो काढायला. तिच्याशी मॅच मिळावी म्हणून बाकीच्या टीमा चाचांच्या हातापाया पडायच्या. चाचा म्हणायचे, "भिजलेला पापड मोडून काय मर्दुमकी?"

व्हायचं काय, तर शुक्रवार गटातली प्रत्येक टीम अर्ध्या मॅच जिंकून अर्ध्या हरलेली असायची. सगळ्या भिवंडीत एकच बोलणं: रविवारवाले जोरदार, शुक्रवारवाल्यांत दम नाही. चार जागांपैकी तीन रविवारला जायच्या आणि उरलेली एक शुक्रवारला मिळायची, ती दया म्हणून. यंदा जनूशेठनी तीही काढायचं ठरवलं.

ते माझ्या दुकानावर आले, चाचांच्या शेजारी बसले आणि प्रेमानं म्हणाले, "चाचा, वाईट नका वाटून घेऊ. पन तुमच्या एका बी टीमचा हिशोब बघन्यासारखा न्हाय. यंदा चारही आमच्याच घेऊ."

चाचांचा आवाज एवढा चढला की माझ्या कपाटातल्या बाटल्या वाजल्या. "जनू! तुझी पोरां कोनाला हरवून आलीत? चष्मेवाल्या बापांना!"

"जिंकनारा तो जिंकनारा, चाचा."

भांडण वरवर खेळाचं होतं, पण चाचांच्या जिवाला लागलेली गोष्ट वेगळी होती. 'चांद लूम' ही त्यांची स्वतःची टीम. म्हणजे त्या नावाचा त्यांचा कारखाना आता नाही. लूम चाचांनी भंगारात काढले, कामगार चार दिशांना चार कारखान्यांत पांगले. पण शुक्रवारी तीच माणसं चांद लूमचा बनियन घालून एकत्र यायची आणि मॅचनंतर रात्री चाचांच्या घरातून त्यांचा गलका ऐकू यायचा. त्यांचा कप्तान हरिलाल आदल्याच दिवशी चाचांना सांगून गेला होता, "देखो चाचा, इस साल नंबर नहीं लगा तो हम चार जन संडेवालों में जायेंगे. जनूशेठ गोदाम में काम भी दे रहे हैं. बुरा मत मानना." कबड्डीत माणसं लागतात सात. त्यातली चार गेल्यावर चांद लूम हे नाव फक्त चाचांच्या दारावरच्या गंजक्या पाटीवर उरणार होतं.

मी मध्ये पडले. म्हटलं, "जनूशेठ, एवढी खात्री आहे तर तुमची चौथी टीम आणि चांद लूम, एक मॅच खेळवा. जिंकेल ती जाईल." जनूशेठ हसून तयार झाले. वर दिलदारीनं म्हणाले, "शुक्रवारी ठेवा. तुमच्या सोयीनं."

एखादा शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. चाचा म्हणाले, "शुक्रवार न्हाय!"

"का?"

"शुक्रवारी तुझी पोरां दिवसभर ट्रक खाली करतात. दमलेल्याला हरवून आमी काय हरवला?"

हरिलालला हे कळलं तेव्हा त्यानं माझ्या दुकानात येऊन डोकं दुखायची गोळी मागितली आणि तिथल्या तिथे पाण्याविना गिळली. "भाभी, ये आदमी हमारी तरफ है के उनकी तरफ?" मला तरी कुठं ठाऊक होतं? रविवारी लूम चालू, शुक्रवारी गोदाम चालू. शेवटी दोघांना सुट्टी असलेला एकच दिवस निघाला, सव्वीस जानेवारी.

मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही, तरी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून मैदानावर गेले. जनूशेठची पोरं सुरुवातीला मोठ्या ऐटीत होती. दोन चढाया त्यांनी हसत केल्या. तिसऱ्या चढाईला हरिलालनं त्यांच्या कप्तानाचा घोटा धरला आणि तो काही केल्या सुटेना. त्या पोराच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. हंगामभरात त्याला असं कुणी धरलंच नव्हतं! मग ती पोरं गडबडली. चांद लूमवाल्यांना मात्र हे रोजचंच होतं. दर शुक्रवारी आपटून घेतलेली माणसं ती. ती पिछाडीवर पडली तरी घाबरली नाहीत, आघाडीवर गेली तरी सैलावली नाहीत आणि थोड्या गुणांनी का होईना, जिंकली. मी एवढी ओरडले की दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच दुकानातलं खोकल्याचं औषध घ्यावं लागलं.

जनूशेठही मोठ्या मनाचे. त्यांनी जाहीर करून टाकलं, चौथी जागा चांद लूमची, आणि दोन्ही टीमना पडघ्याच्या ढाब्यावर जेवण त्यांच्याकडून. टेम्पो मागवला. पोरं उड्या मारत चढली. "चाचा, चलो!" हरिलाल वरून हात देत होता. चाचांनी पोटाकडे बोट दाखवून परहेज, म्हणजे पथ्य असल्याचं सांगितलं. परहेज कसलं! त्यांच्या सगळ्या गोळ्या मी देते. ढाब्यावर जेवू नये असं त्यांच्या कुठल्याही चिठ्ठीत लिहिलेलं नाही.

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत चाचा हात हलवत उभे राहिले. मग आम्ही दोघं घराकडे चालू लागलो. जिंकलेला माणूस इतका मुकाट चालतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या दारापाशी आल्यावर ते थांबले आणि मला म्हणाले, "नीताबेटा, तुझ्याकडं घरात किती मानसं हायत?"

चाचा हे हळू बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांचा हळू आवाज ऐकला नव्हता. मला दचकायला झालं.

आत डोकावले तर मोठं पातेलं भरून दालचा, म्हणजे डाळ-मटणाचा रस्सा, आणि तेवढाच भात. चाची गेल्यापासून ते स्वतःच रांधतात, मुलगा आखातात आहे. "एवढं कुणासाठी केलंत?"

"पोरांसाठी. दर शुक्रवारी करतो तसाच."

"पण आज जिंकली तर ती बाहेर जेवायला जाणार हे उघड होतं. म्हणजे हरतील असं धरून चालला होतात?"

चाचा पाटावर बसले. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते नीट बसलेलं असूनही दोनदा नीट केलं.

"सोपी मॅच जिंकली का पोरां सलाम करतात न् नाक्यावर पलतात," ते म्हणाले. "डाईंगवाल्यांसारखी फुसकी टीम हरली तरी हसत घरी जाते. पन घासून हरलेला मानूस घरी जात न्हाय गो. त्याला बोलायला कोन तरी लागतो. मग येतात माझ्याकडं. भांडतात, एकमेकांच्या चुका काढतात, जेवतात. घर भरून जातं. दोन तगड्या टीमा लावल्या का एक तरी हरतेच."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना तत्त्वाचा माणूस समजत होतो. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

"पोरांचा नुकसान केला मी," चाचा म्हणाले. "जिंकनारी पोरां होती, लोकांत नाव खराब झाला. आता पुढच्या सालापासून त्यांना सोप्या मॅचा पन लावतो. जिंकू दे. जातील तर जाऊ दे."

मी घरी फोन केला. आमच्याकडे पिठलं तयार होतं, ते तसंच झाकून ठेवायला सांगितलं. दहा मिनिटांत नवरा, मुलगी, सासूबाई, शिवाय सासूबाईंकडे आलेली त्यांची बहीण, सगळे चाचांच्या घरात मांडी घालून बसले. जागा होती खूप, आम्ही मुद्दाम दाटीवाटीनं बसलो. चाचा वाढत होते.  प्रत्येकाला विचारत होते, तिखट झालं का, मीठ बरोबर हाय का. आवाज अजून खालचाच होता.

 माझं पोट भरलं होतं. तरी मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "चाचा, अजून वाढा."