दोन कानांचे मग

आमच्या जोगळेकर काकांकडे चहाला जायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात. फोन पर्समध्ये, बिस्किट नंतर. कारण त्यांच्या मातीच्या मगांना दोन-दोन कान असतात, आणि कुणी चुकून एका हातानं उचललाच, तर काका कळवळून ओरडतात, "अगं, मध्ययुगात हे चालत नसे!"

फ्रीमाँटला आमच्या शेजारच्याच टाउनहाउसमध्ये राहतात. जन्मभर चिप डिझाइन केलं, रिटायर झाल्यावर कम्युनिटी सेंटरमध्ये कुंभारकाम शिकले आणि थेट मध्ययुगीन युरोपात जाऊन पडले. चहासुद्धा दाढीवालं तोंड कोरलेल्या एका मातीच्या जगमधून ओततात. त्या दाढीवाल्याचा चेहरा असा, की जणू आपण फुकटच पितोय.

काकू मात्र घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. पार्किन्सन्समुळे हात थरथरायचा. "लोकांच्या कार्पेटवर चहा सांडायला कशाला जायचं?" म्हणून प्रत्येक बोलावणं कॅन्सल. एके काळी गप्पांचा फड जमवणारी ही बाई! मला फार वाईट वाटायचं, आणि काकांचा रागही यायचा. बायको घरात कोंडून बसलीय आणि ह्यांना मगांचं वेड!

संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळाला मंडळी जमली होती. काका दारात हजर, हातात भलंमोठं खोकं, आणि मागे चक्क काकू! आल्या आल्या काकांनी माझे पेपर कप उचलून कपाटात टाकले आणि खोक्यातले आपले मग मांडले.

"ख्रिस्ती मठांतले साधू दोन्ही हातांनी धरूनच प्यायचे. नियमच होता. आज आपणही तसंच."

"झालं, क्लास सुरू यार," माझा नवरा पुटपुटला. पण करतो काय! सगळे दोन्ही हातांत मग धरून शहाण्या मुलांसारखे बसले. काकूही बसल्या. तो पसरट बुडाचा मग घट्ट धरून चहा प्यायल्या, आणि मग काकांच्या जुन्या बॉसची अशी नक्कल केली, की हसून हसून आमची पोटं दुखली. त्यांच्या हातांकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

काकू स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा माझा चेहरा बघून त्याही समजल्या. हळूच म्हणाल्या, "ह्यांना कसला गं इतिहास! कॉलेजात त्याचं नाव काढलं तरी जांभया यायच्या. माझ्यासाठी चाललंय हे सगळं. पण मला कळलंय हे सांगू नकोस हं त्यांना. हिरमुसतील."

काकूंनी माझ्या पाठीवर थोपटलं, बाहेर गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो, ते साधूंचं अर्धवटच राहिलं. सांगा ना पुढे."