मा. सा.

निवृत्त मुख्याध्यापकांना अखेर पणजोबा सापडले. अभिलेखागारातल्या एका जीर्ण पानावर त्यांचं नाव होतं आणि पुढे दोनच अक्षरं : मा. सा. मुख्याध्यापकांची छाती फुगली. 'माननीय साहेब', दुसरं काय असणार? तरी खात्रीसाठी त्यांनी कारकुनाला विचारलं.

"इथे प्रत मिळते, अर्थ नाही," कारकून म्हणाला. "अर्थासाठी संक्षेप-विस्तार समितीकडे अर्ज करा. अपेक्षित अर्थ सुवाच्य अक्षरात लिहा."

"अर्थ मीच लिहायचा? मग समिती काय करते?"

"मंजूर करते."

समितीने शिक्क्यानिशी मंजूर केला. मुख्याध्यापकांनी दारावर पाटी लावली आणि मिरवायला म्हणून पानाची प्रत आत्याकडे नेली. त्यांनी आपली ओळ वाचली होती. आत्याने अख्खं पान वाचलं.

"अरे, हा तर खटल्याचा निकाल! दुष्काळात चौघांनी सरकारी कोठार फोडून धान्य वाटलं. मा. सा. म्हणजे माफीचा साक्षीदार. वरच्या तिघांपुढे 'फा.' आहे बघ. ते फासावर गेले, आपला घरी जेवायला आला."

"आत्या, चष्मा बदल."

"बदलते. पण म्हणून तिघं जिवंत व्हायचे नाहीत."

जन्मभर 'खरे बोलावे' फळ्यावर लिहिलेल्या माणसाने प्रत घाईघाईने घडी करून खिशात टाकली. ते तडक कारकुनाकडे गेले. "त्या तिघांच्या वारसांनी 'फा.'चा अर्थ नेला का हो?"

"केव्हाच. 'फारच थोर'."

"आणि खरा अर्थ निघाला तर?"

"दुरुस्ती होते. चारही घराण्यांची लेखी संमती आणा."

मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगोलग चारही घराण्यांचा मेळावा भरवला. "आपल्या पूर्वजांनी एकमेकांची साथ कधी सोडली नाही!" ते गहिवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात आत्या उठली आणि खणखणीत आवाजात तिने खरं काय ते सांगून टाकलं.

फासावर गेलेल्या एकाचा पणतू हात जोडून पुढे आला.

"आजी, मेलेली माणसं कशाला उकरताय? आमची पाटी कोरून झालीये."

आत्या भ्रमिष्ट असल्याचा ठराव एकमताने संमत झाला. इतिवृत्तात तिच्या नावापुढे 'भ्र.' लागलं.

हल्ली अभिलेखागारासमोर लांबलचक रांग असते. वाचकहो, तुम्हीही जालच. अर्थ लिहिताना हात आखडू नका, समिती उदार आहे. फक्त अख्खं पान मागू नका; आपली ओळ तेवढी घ्या आणि घरी या.