सूर्य मध्यभागी ठेवण्याबाबत

कोलकात्यात एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी महामंडळात स्थापना दिनानिमित्त सूर्यमालेची फिरती प्रतिकृती उभारायचं ठरलं, आणि ती जबाबदारी उपव्यवस्थापक चारुदत्त यांच्यावर सोपवण्यात आली. ते मराठी होते, म्हणजे कष्ट करणार. आणि बाहेरचे होते, म्हणजे नाही म्हणणार नाहीत, असा त्यामागे विचार होता. महामंडळाचा सूर्यमालेशी संबंध काय, हे कोणी विचारलं नाही. महामंडळ नेमकं काय करतं, हेही विचारायची तिथे पद्धत नव्हती.

चारुदत्तांचा जीव पुण्याच्या बदलीत अडकला होता. तीन वर्षांसाठी म्हणून कोलकात्याला आले, त्याची सहा होत आली. मुलगी नूपुर शेजारच्या बंगाली मुलींसारखी पाणी प्यायचं सोडून ‘खायला’ लागली होती.

“अहो, आणखी एक वर्ष इथे काढलं तर ही आजीशी दुभाष्या घेऊन बोलेल,” त्यांची बायको श्यामला म्हणाली.

बदलीला सान्यालसाहेबांची शिफारस हवी होती. साहेब प्रशासन विभागाचे प्रमुख. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, “आधी ग्रह फिरू द्या, चारुदत्तबाबू. मग तुमचं बघू.”

हावड्याच्या एका छोट्या कारखान्यातून प्रतिकृती बनून आली. मधे सूर्य म्हणून मोठा दिवा, भोवती लोखंडी दांड्यांवर ग्रह. फिरायची अगदी झोकात. साहेब पाहणीला आले, एक चक्कर मारली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पृथ्वीवर आपल्या महामंडळाचं बोधचिन्ह आहे.”

“हो सर. आपणच काढायला सांगितलं होतं.”

“आणि दिवा कोणाचा?”

“विद्युत विभागाचा. मित्रबाबूंनी दिला.”

“म्हणजे अख्खं महामंडळ त्या मित्रबाबूभोवती फिरतं?”

विद्युत विभागाचे मित्रबाबू आणि सान्यालसाहेब एका खिडकीच्या पडद्यावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चारुदत्तांनी घसा खाकरून सांगितलं, की पृथ्वी सूर्याभोवतीच फिरते. पूर्वी लोक पृथ्वी मधे आहे असं मानत, पण चौदाशे वर्षांनी ते सोडून द्यावं लागलं.

“चौदाशे वर्षं?” साहेबांना हुरूप आला. “म्हणजे पूर्वदाखला आहे. मग अडलंय कुठे? पृथ्वी मधे घ्या.”

पृथ्वी मधे आली, सूर्य भोवती फिरू लागला. पण मंगळ आकाशात अधूनमधून मागे चालताना दिसतो, त्याचं काय? चारुदत्तांनी जुन्या ज्योतिर्विदांप्रमाणे मंगळाच्या मोठ्या चाकावर एक छोटं चाक बसवलं. तेवढ्याने भागेना, म्हणून त्या चाकावर आणखी एक. साहेबांना ही रीत मनापासून पटली. मूळ निर्णय चुकला तरी त्याला हात लावायचा नाही, वर एक चाक चढवायचं. महामंडळात याला उपसमिती म्हणत.

मग मित्रबाबू आले. आपला दिवा शिपायासारखा चकरा मारताना पाहून ते म्हणाले, “हे असंच चालणार असेल, तर मी वीज तोडतो.”

वीज तुटली म्हणजे ग्रह थांबणार आणि ग्रह थांबले म्हणजे पुणं बुडणार. चारुदत्तांनी हातापाया पडून दोघांना एका टेबलाशी बसवलं. तोडगा निघाला: बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतील, आणि सूर्य हा सगळा गोतावळा घेऊन पृथ्वीभोवती फिरेल. चारुदत्त थक्क झाले. चारशे वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या एका खगोलशास्त्रज्ञाने हीच रचना मांडली होती. त्या बिचाऱ्याने त्यासाठी जन्मभर आकाश न्याहाळलं. या दोघांनी चहा संपायच्या आत उरकलं, तेही वर न बघता.

उद्घाटनाला दिल्लीहून अध्यक्ष येणार होते. आदल्या दिवशी शिष्टाचार विभागाने कळवलं, की अध्यक्ष नेहमी मध्यभागीच उभे राहतात. पृथ्वी उचलून कडेला लावण्यात आली. तिच्या जागी छोटा गालिचा अंथरला.

अध्यक्ष गालिच्यावर उभे राहिले आणि त्यांनी हातातलं बटण दाबलं. सूर्य, पृथ्वी, बोधचिन्ह, उपसमित्यांसकट मंगळ, सगळे त्यांच्याभोवती फिरू लागले. लोखंडी दांड्यांमुळे यंत्र थांबल्याशिवाय बाहेर पडणं शक्य नव्हतं. थांबवायचं बटण त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते दाबलं नाही. जेवण निवून गेलं.

“विज्ञान आज पहिल्यांदा समजलं,” अखेर बाहेर येत ते म्हणाले.

सान्यालसाहेब शब्दाला जागले. त्यांनी तिथेच पुण्याच्या बदलीचा विषय काढला.

“पुण्याला? छे,” अध्यक्ष म्हणाले. “हे प्रत्येक विभागीय कार्यालयात दिसलं पाहिजे. आणि यंत्राबरोबर हेच जातील.”

तेव्हापासून चारुदत्त फिरतात. कोलकात्याहून निघायचं, देश पालथा घालायचा आणि परत कोलकात्याला यायचं. वर्षातून एकदा, दोन दिवस, पुणं लागतं. हे घरी सांगितलं तेव्हा श्यामलाने त्यांची बॅग भरायला घेतली. नूपुरने पेला पुढे केला, “बाबा, पाणी खाणार?” चारुदत्तांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी मुकाट्याने पाणी खाल्लं.

पुण्यातलं प्रदर्शन छान झालं. लोक आले, पोट धरून हसले. सूर्य कुठे, पृथ्वी कुठे, काय हा अडाणीपणा, म्हणाले. चुका काढून झाल्यावर एकेकाने चारुदत्तांच्या हातात फोन दिला, दांडीखालून वाकून आत शिरला आणि गालिच्यावर उभा राहिला.

तुम्हालाही हसू येत असेल. हसून घ्या. रांग डावीकडून आहे. फोन चारुदत्तांकडे द्या, ते फोटो चांगला काढतात.