छापील यादीत नसलेली गाठ

सन १९३१ साली मी अकोला जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याचा डॉक्टर होतो. दवाखान्याला रोगांची छापील यादी मिळाली होती. तीत एकेचाळीस रोग होते. बेचाळिसावा रोग होण्याची जनतेला परवानगी नव्हती.

‘इतर’ असा एक रकाना होता खरा. पण त्यात महिन्याला दोनापेक्षा जास्त नावे गेली की साहेब तपासणीला येत, आणि तपासणीचे नाव काढले की मला घाम फुटे.

एके दिवशी खुशालराव आपल्या बायकोला, माणिकबाईंना, बैलगाडीतून घेऊन आले. डोळे पिवळे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली लिंबाएवढी टणक गाठ. मी दोनदा चाचपली. पित्ताशयाची गाठ! पुस्तकाबाहेर ती मला प्रथमच भेटत होती, आणि खरे सांगायचे तर मला आनंदच झाला.

“नागपूरले धाडा, सायेब,” खुशालराव म्हणाले. “पोट फाडतील, पन बाई तं वाचंल.”

वरिष्ठ कचेरीच्या मंजुरीशिवाय नागपूरचे इस्पितळ रोग्याला दारात उभे करीत नसे. मी सविस्तर लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले: ‘गेल्या वीस वर्षांत वऱ्हाडात या रोगाची नोंद नाही. सबब हा रोग वऱ्हाडात होत नाही. निदान सुधारून कळवावे.’

मी वीस वर्षांची रजिस्टरे काढली. कितीतरी ठिकाणी ‘टणक गाठ’ लिहून खोडलेले होते, आणि वर निरनिराळ्या हस्ताक्षरांत एकच शब्द होता, कावीळ. माझ्या आधीचे डॉक्टर मूर्ख नव्हते. त्यांनाही बढती हवी होती.

मीही निदान सुधारले. कावीळ यादीत होती. पण तिचे औषध इथेच मिळत असल्यामुळे नागपूरची मंजुरी नव्हती. ते औषध मी देत राहिलो.

“कावीळ हाय तं हा गोटा काहून वाढून राहिला?” माणिकबाईंनी विचारले.

“कचेरीच्या मते गोटा नाहीच.”

त्यांनी माझा हात धरून गाठीवर ठेवला. “मंग हे काय हाय, सायेब?”

मी हात काढून घेतला. त्याची मला आजही लाज वाटते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माणिकबाई गेल्या. मी कारण लिहिले, कावीळ. वर्षअखेरीस अचूक नोंदींबद्दल कचेरीने माझी तारीफ केली. ते पत्र मी चौकटीत लावले.

पित्ताशयाची गाठ वऱ्हाडात अतिशय दुर्मिळ आहे, असे तुम्ही एखाद्या जाड पुस्तकात वाचाल आणि निर्धास्त व्हाल. जरूर व्हा. त्या पुस्तकाला आकडे आम्हीच पुरवले आहेत.