हौद्यावरचं झाकण

एका सकाळी चहाचा कप पुढे सरकवता सरकवता गादीवाल्यांची बायको म्हणाली, की शनिवारच्या आत पिकअपच्या हौद्याला झाकण बसवून घ्या, कोणतं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. ते शेवटचे दोन शब्द ऐकून गादीवाल्यांनी उचललेला कप परत खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात खिडकीचा पडदा, दुकानाची पाटी, इतकंच काय, अंगातला शर्टसुद्धा त्यांनी कधी ठरवला नव्हता. (एकदा चष्म्याची फ्रेम ठरवली होती. ती सध्या सासूबाई वापरतात.)

वेळच तशी आली होती. गाद्या बनवायचे हे, विकायची ती, असा दोघांचा धंदा. गावाबाहेरच्या मुलींच्या वसतिगृहाची मोठी ऑर्डर तिने मिनतवाऱ्या करून मिळवली होती. पहिली खेप उघड्या हौद्यातून, दोरीने बांधून गेली. वाटेत धूळ बसली, आणि धुळीकडून जे राहिलं होतं ते पाखरांनी केलं. वसतिगृहाच्या बाईंनी वरच्या गादीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि अख्खी खेप परत पाठवली. पुन्हा एक जरी डाग दिसला, तरी मी दुसरा गादीवाला बघेन, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. ही ऑर्डर गेली असती, तर दुकानात वर्षभर माश्या मारत बसायची वेळ आली असती. बायकोची झोप उडाली होती, आणि गादीवाल्याच्या घरात झोप उडणं ही काही चांगली जाहिरात नव्हे.

गादीवाले त्याच दिवशी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "मऊ हवं की कडक?"

गादीवाले दचकले. हा प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता, त्यांना तो कोणी कधी विचारला नव्हता. दुकानदाराला म्हणायचं होतं ते एवढंच, की गुंडाळून ठेवायचं कापडी कव्हर हवं की फायबरचं घट्ट झाकण. पण मऊ आणि कडक हे शब्द कानावर पडले आणि गादीवाल्यांच्या अंगात गिऱ्हाईक संचारलं. ज्या गिऱ्हाइकांच्या नकला करून ते घरी सगळ्यांना हसवत, नेमकं तसंच ते वागू लागले. त्यांनी कापडी कव्हर तळव्याने दाबून पाहिलं, कोपरा चिमटीत धरला, वास घेतला, शिवण उलटी करून नाक मुरडलं. मग जमिनीवर ठेवलेल्या फायबरच्या झाकणापाशी आले, बूट काढले आणि सरळ त्याच्यावर आडवे झाले.

"साहेब, ते गाडीवर घालायचं असतं," दुकानदार म्हणाला.

"ठाऊक आहे. मी नुसतं बघतोय."

"डोळे मिटून?"

गादीवाल्यांनी एक हात उशाला घेतला. दुकानदार बिचारा शेजारी उकिडवा बसला आणि त्याने हौद्याची लांबी विचारली, ती यांनी पडल्या पडल्या सांगितली. रुंदी विचारली, तीही सांगितली. मग त्याने विचारलं, की माल किती उंच भरता. पण तोपर्यंत त्या गार, सपाट फायबरवर यांच्या पाठीला असा काही आराम पडला होता, की यांनी नुसताच हात हलवला आणि "बसेल, बसेल" असं म्हणून कूस बदलली.

झाकण बसवून गाडी घरी आली तेव्हा गल्लीत जत्रा जमली. काळंभोर, चकचकीत, कुलूप असलेलं झाकण. किल्ली फिरवली, की दोन दांड्यांवर आपोआप वर जायचं. गादीवाल्यांनी ते येईल त्याला उघडून दाखवलं, जाईल त्याला मिटून दाखवलं. सासूबाईंनी त्यात पाहून केस सारखे केले. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "छान आहे." गादीवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. रात्री जेवताना उगाचच त्यांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं.

शनिवारी सकाळी गाद्या भरायला घेतल्या. हौदा भरला, आणि निम्म्या गाद्या खालीच राहिल्या. आजवर त्या एकावर एक रचून, पार गाडीच्या टपापर्यंत नेऊन दोरीने बांधायची पद्धत होती. झाकण बसत होतं हौद्याच्या काठाला. लांबी, रुंदी, जाडी! गिऱ्हाइकाने जाडी सांगितली नाही तर जे ऑर्डर लिहून घेत नसत, ते गादीवाले स्वतःच्या खरेदीत जाडी साफ विसरले होते.

दोन खेपा करायला वेळ नव्हता, कारण दुपारी मुली राहायला यायच्या होत्या. बायको खाली राहिलेल्या गाद्या मोजू लागली. ती ओरडली असती तर गादीवाल्यांना बरं वाटलं असतं.

"फोमच आहे, दबेल," ते म्हणाले.

"दबेल हो. दबून राहील का?"

सगळ्या गाद्या रचल्या, वर झाकण टेकवलं. गादीवाले त्यावर पालथे पडले. बायको बसली. स्टुलावर चढवून सासूबाईंना बसवलं. कुलूप लागेना. समोरचा न्हावी धावत आला, त्याच्या मागोमाग त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण असताना आलं, आणि ते दोघे चढल्यावर कुठे खट्ट असा आवाज झाला. साबणवाल्याने टाळ्या वाजवल्या. गाडी बायकोने चालवली. गादीवाले शेजारी बसून सगळा रस्ता मागे कान लावून होते, कारण प्रत्येक खड्ड्याला झाकण कण्हत होतं.

वसतिगृहाच्या अंगणात माळ्याने नुकतंच पाणी सोडलं होतं, सगळीकडे चिखल. बाई चष्मा सावरत पायरीवर उभ्या होत्या. लवकर आलेल्या काही मुली कठड्यावरून बघत होत्या. गादीवाल्यांनी चिखलातून मागे जाऊन ऐटीत किल्ली लावली. किल्ली फिरेना. आतून गाद्यांनी असा रेटा लावला होता, की कुलूप जाम झालं होतं. बायकोचा चेहरा उतरला. तो पाहून गादीवाल्यांना खरंच वाईट वाटलं, आणि लाज गुंडाळून त्यांनी मुलींना विनवलं, की जरा येऊन झाकणावर बसता का.

मुली कसल्या नाही म्हणतायत. चपला खाली काढून खिदळत त्या ओळीने वर बसल्या. गादीवाले मागच्या बंपरवर चढले, एका हाताने मूठ धरली, दुसऱ्याने किल्ली फिरवली. कुलूप सुटलं. आता सगळ्यांनी खाली उतरा, असं बायकोने सांगितलं, तशा मुलींनी पटापट उड्या मारल्या. मूठ सोडायला मात्र कोणी गादीवाल्यांना सांगितलं नव्हतं.

झाकण उसळलं, आणि मुठीला लोंबकळून गादीवालेही उसळले. पहिल्या मजल्याच्या खिडकीत झोपलेलं मांजर उठून बसलं. मग हात सुटला आणि ते सगळ्यात वरच्या गादीवर दोन्ही पायांनी आदळले, तिथून पुन्हा उडाले आणि बसते झाले. (दुसऱ्यांदा हवेत असताना त्यांच्या मनात आलं, की फोम अगदी उत्तम लागलाय.) मुली पोट धरून हसत होत्या.

बाई हसल्या नाहीत. त्या चिखल चुकवत जवळ आल्या आणि एकेका गादीच्या कडेवरून बोट फिरवू लागल्या. दर गादीला बोट डोळ्यांसमोर धरून पाहायच्या. बायकोही दर वेळी वाकून त्या बोटाकडे पाहत होती. बोट शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. मग बाईंनी वर पाहिलं. वर गादीवाले बसले होते, आणि त्यांच्यासमोर पांढऱ्या खोळीवर चिखलाचे दोन बूट उमटले होते, तळव्याच्या नक्षीसकट.

"बाकी सगळा माल ठेवून घेते," बाई म्हणाल्या. "राहिलेल्या खोल्यांचं कामही तुमच्याकडेच. फक्त हे तेवढं परत घेऊन जा."

बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने एकदा वर पाहून घेतलं.

"ह्यांना तर नेतेच," ती म्हणाली. "गादी तेवढी ठेवून घ्या, खोळ धुऊन देते."

त्यावर मात्र बाईंना हसू आवरलं नाही, आणि गादी उतरवून घेतली गेली. त्या दिवशी वसतिगृहातून परत आला तो माल एकच, आणि सीटला चिखल लागू नये म्हणून तो मागे हौद्यात बसून आला.