आनंदी भिंत आणि सासरेबुवांची दाढ

पेशंटची भीती घालवावी तर मीच! मी दातांचा डॉक्टर. आमच्या धंद्यात माणूस बाहेरच्या खोलीत बसतो, आतल्या यंत्राची घरघर ऐकतो आणि पांढराफटक पडतो. त्यावर मी एक नामी उपाय काढला. बाहेरची एक अख्खी भिंत जगभरातल्या चांगल्या बातम्यांनी भरून टाकली! कुठे हरवलेली अंगठी गाजराच्या कमरेत अडकून सापडली, कुठे म्हाताऱ्या आजीबाई पोहायला शिकल्या, कुठे पाणमांजरं म्हणे वाहून जाऊ नयेत म्हणून झोपेत एकमेकांचे हात धरतात. वाचा, हसा आणि आत येऊन बिनधास्त आ करा!

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप सासरेबुवांसाठी होता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना! लग्न झाल्यापासून त्यांनी मला एकही दात दाखवला नव्हता. माझ्यासमोर हसायचे तेसुद्धा तोंडावर हात धरून. पण आता दाढ ठणकायला लागली, गाल सुजला आणि बायकोने त्यांना माझ्याकडे यायला कसंबसं राजी केलं.

"अहो, बाबा भित्रे आहेत," तिने बजावलं. "ते पळाले तर माहेरी तुमचं नाव गेलंच म्हणून समजा!"

"माझ्या भिंतीसमोरून कोण पळतंय!" मी म्हणालो. सासरची माझी सगळी अब्रू त्या एका दाढेत होती, म्हणून सकाळीच आणखी मूठभर बातम्या चिकटवल्या.

दुपारी हत्यारं मांडून बसलो. कोणी आत येईना! मी रिसेप्शनवरच्या ताईंना हाक मारली.

"अहो, पहिला पेशंट पाठवा!"

"ते नाही म्हणतायत, डॉक्टर. अंगठीची बातमी वाचून ठणका थांबला त्यांचा."

"मग दुसरा?"

"त्यांनी शेजाऱ्यांनाही वाचायला बोलावलंय. खुर्च्या कमी पडतायत. तुमची ती पेशंटची खुर्ची बाहेर निघेल का हो?"

मी तणतणत बाहेर गेलो. खोली खचाखच भरलेली! मधोमध गालाला रुमाल बांधलेले सासरे मोठ्याने वाचत होते, "माणसाची जांभई पाहून कुत्र्यालाही जांभई येते." ऐकताच एकाने जांभई दिली, मग दुसऱ्याने, मग अख्ख्या खोलीने. इतकी तोंडं एकदम उघडलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि त्यातलं एकही माझ्या खुर्चीत नव्हतं!

"बाबा, चला ना आत," मी हळूच म्हणालो.

"थांबा हो, जावईबापू! पाणमांजरं राहिलीयत. आणि दाढ आता दुखतेय कुठे?"

"वाचून दाढ बरी होत नसते, बाबा! आत पू झालाय!"

"शूऽऽ!" सगळी खोली माझ्यावर खेकसली. "इतकं छान चाललंय, आणि हे काय अभद्र बोलणं!"

दाताच्या कण्या केल्या, पण उपयोग शून्य. पाणमांजरं संपल्यावर सासऱ्यांनी माझी पाठ थोपटली आणि ते प्रसन्न चेहऱ्याने घरी गेले.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. गाल उतरलेला! माझ्याकडे बघून पहिल्यांदाच तोंड भरून हसले. दाढेच्या जागी सुबक खड्डा!

"कुणी काढली?" माझा आवाज चिरकला.

"रस्त्यापलीकडच्या डॉक्टरांनी. दाढ परत ठणकली हो! तुमच्याकडेच निघालो होतो, पण म्हटलं, इथे आलो की पुन्हा वाचतच बसेन. त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या पेपरात नुसते अपघात, दरोडे आणि महागाई! तिथे बसण्यापेक्षा आत जाऊन दाढ उपटून घेतलेली बरी वाटली!"

हात दाखवून अवलक्षण ते हेच! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बायकोने बाजू सावरली. तिने भिंतीवर नवी बातमी लावली, 'भित्र्या गृहस्थांची दाढ मुळीच न दुखता निघाली!' कुणी काढली, ते मात्र लिहिलं नाही. लोक येऊन माझं अभिनंदन करू लागले, मीही मान तुकवून ते स्वीकारत होतो.

काल चष्मा लावून नीट पाहिलं. बातमीखाली सासऱ्यांनी पेन्सिलीने समोरच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून ठेवलाय!