बशीरचाचांची लाट

आमच्या कोल्हारात लाट येते ती उन्हाळ्यात उष्णतेची आणि निवडणुकीत पुढाऱ्याची. समुद्र म्हणाल तर इथून दिवसभराच्या वाटेवर. तरीही आमचे बशीरचाचा, वय पासष्टीच्या पुढं, धंदा गाद्या भरण्याचा, रोज सकाळी दुकानाच्या ओट्यावर पालथे पडतात, दोन्ही हातांनी हवा कापतात आणि "आली, आली!" असं ओरडून टुणकन उभे राहतात. टुणकन म्हणजे त्यांच्या मते. आधी एक गुडघा, मग "या अल्ला", मग खांबाला मिठी, मग दुसरा गुडघा.

माझी पिठाची गिरणी समोरच. दळण घेऊन आलेल्या बायका तोंडाला पदर लावतात. शेवटी मी विचारलंच, "चाचा, काय चाललंय हे?"

"सर्फिंग. तुला न्हाई कळायचं, तू पिठातला मानूस."

घ्या!

हे खूळ युनूसपायी लागलं. युनूस त्यांचा एकुलता एक. कोकणात समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या गाद्या भरायला बापलेक गेले. काम संपलं, बाप परत आला. पोरगा तिथंच राहिला, लाटेवर उभं राहायला शिकला आणि पर्यटकांना शिकवायला लागला. ईदला घरी आला तेव्हा चाचा भडकले, "पान्यावर उभं राहून कुनाचं पोट भरलंय रं?"

"अब्बा, तुम्ही एकदा उभं राहून दाखवा, मग बोला," पोरगा म्हणाला आणि गेला तो गेलाच. फोन उचलत नाही. चाचीच्या मयतीला आला, माती दिली आणि बापाशी शब्द न बोलता आल्या पावली परतला.

तेव्हापासून चाचांचं एकच पालुपद: "आधी उभा ऱ्हातो. मग बोलतो."

पण लाट आणायची कुठून? आमच्याकडं धरणातून कालव्याला आवर्तन सुटतं. कोरड्या कालव्यातून पाण्याचा पहिला लोंढा येतो, त्याच्यापुढं फेस, काटक्या, तुटक्या चपला आणि जगातल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. चाचांनी तोच लोंढा धरायचं ठरवलं. थर्माकोलला प्लायवूड बांधून त्यांनी फळी केली. इथवर ठीक होतं. पण हाडाचा गादीवाला! फळी छातीला टोचते म्हणून तिच्यावर कापसाची जाडजूड गादी शिवली, वर लाल कापडाची किनार लावली.

"चाचा, कापूस पाणी पितो," मी म्हटलं.

"अख्खी जिंदगी कापूस पिंजला मी. आता तू शिकवतो व्हय?"

पाणी सुटलं त्या सकाळी अर्धं गाव कालव्यावर. मी मोबाईल धरून उभा, कारण हुकूमच होता: "उभा राहिलो की युनूसला धाड." लोंढा आला. "आली, आली!" आणि देवाशप्पथ सांगतो, चाचा उभे राहिले! एका श्वासापुरते. मग गादी पोटभर पाणी प्याली आणि फळी, किनार, चाचा, सगळं फेसात गडप. लोक हसून हसून लोळले. दोघांनी लेंग्याला धरून त्यांना बाहेर ओढलं. ठसका लागलेला, नाकातोंडात गाळ, तरी विचारतायत, "घेतला का? उभा हुतो ना मी?"

मी व्हिडिओ पाठवला. लगेच उत्तर आलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे चेहरे आणि खाली, "कोण आहे हा म्हातारा?"

अरे, बाप कोण हेही सांगावं लागतं का? मी लिहिलं, "तुझे अब्बा." त्यानं वाचलं, तेवढं दिसलं. दुपार गेली, संध्याकाळ झाली. पुढं काही नाही.

चाचा खोकत खोकत गिरणीत आले. "काय म्हनला?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्हणाला, पाय जरा पुढं पाहिजे होता."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"मंजी लई बारकाईनं बघितलं त्यानं!" ते म्हणाले. तिथंच, पिठात एक पाय पुढं टाकून बघितला. मग म्हणाले, "जालिंदर, पुढचं पानी कवा सुटनार हाय रं?"